खाडी मागायची राहिली

"मग तुम्हाला आनंद का होत नाही, बाई?"

अमोघ रेडीजने शेवटी विचारलंच.

पेढ्यांचा पुडा झोपाळ्यावर तसाच पडला होता. बाईंनी त्याला हातही लावला नव्हता. निकालाची बातमी छापून आलेलं वर्तमानपत्र मात्र त्यांनी नीट वाचलं, घडी घातली आणि परत त्याच्या हातात दिलं.

शरयूबाई सबनीस जिल्हा कोर्टातल्या नावाजलेल्या वकील. आता निवृत्त होऊन वेळसांग्याला खाडीकाठी राहत होत्या. अमोघ त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. अर्ज कसा लिहावा, उलटतपासणीत कुठे थांबावं, हे सगळं त्याला बाईंनी शिकवलेलं. म्हणून तर निकाल लागताच तो पुण्याहून थेट इथे आला होता.

निकालही तसाच होता. खाडीच्या तोंडाशी असलेला रंगाचा कारखाना बरीच वर्षं आपलं सांडपाणी खाडीत सोडत होता. मासे उलटे होऊन वर येत. चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांच्या पायांना फोड येत. बायकांच्या संस्थेने अमोघला वकीलपत्र दिलं. तो लढला आणि कारखान्याला टाळं लागलं.

"आनंद?" बाई म्हणाल्या. "थांब. आधी खाऊन घे."

त्या आत गेल्या आणि ताटली घेऊन आल्या. तिसऱ्यांचं सुकं होतं. वर खोबरं, कोथिंबीर. वाफ येत होती.

अमोघने घास उचलला आणि थबकला.

"कुठल्या आहेत बाई?"

"आपल्या खाडीतल्या. सकाळच्या ओहोटीला मीच काढून आणल्या."

घास परत ताटलीत गेला.

"खा की."

"बाई, यांचा तपासणी अहवाल मीच कोर्टात लावलाय. शिसं, क्रोमियम..."

"तो खटला तू जिंकलास ना?"

"जिंकलो."

"मग खा."

...

अमोघने ताटली बाजूला सारली.

"खटला जिंकला म्हणून खाडी लगेच कशी साफ होईल?"

"लगेच नको. पण कधी होईल?"

अमोघ खाडीकडे बघू लागला.

बाईंनी ताटली उचलली, परसात नेली आणि माडाच्या बुंध्याशी खड्डा करून सगळं पुरून टाकलं. मांजराच्या तोंडाला लागू नये म्हणून वर दगड ठेवला. हात धुऊन परत येऊन बसल्या.

"अर्जाच्या शेवटी विनंतीत काय लिहिलं होतंस?"

"कारखाना तात्काळ बंद करावा."

"झाला?"

"झाला."

"आणखी काय मागितलं होतंस?"

"...आणखी काही नाही."

"म्हणजे मागितलंस ते सगळं मिळालं. कोर्टाची काही चूक नाही." बाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "खाडी मागायची राहिली तुझी."

अमोघ मग एकदम उसळला.

"म्हणजे टाळं लावायला नको होतं?"

"लावायलाच हवं होतं. आत काय राहिलंय?"

"यंत्रं."

"आणि?"

"...हौद."

"कसले?"

"सांडपाण्याचे. गाळाचे."

"भरलेले?"

"काठोकाठ."

"त्यांचा पंप?"

"वीज तोडलीय. आदेशातच आहे तसं."

"आणि आत जाऊन कुणी ते उपसायचं म्हटलं तर?"

"दाराला सील आहे. कुणालाच जाता येणार नाही."

बाईंनी समोर पाहिलं. खाडीपलीकडच्या डोंगरावर वैशाखाचं ऊन रणरणत होतं.

"मृग कधी लागतो रे?"

पाऊस लागला की ते हौद भरून वाहणार आणि सगळा गाळ एकदमच खाडीत उतरणार, हे अमोघला आत्ता दिसलं. पंचनाम्याच्या वेळी तो स्वतः त्या हौदांच्या कडेला उभा राहिला होता. फोटोसुद्धा काढले होते. खटला जिंकायला ते फोटो किती उपयोगी पडतील, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

"काय करू बाई?"

"टाळं उघडून माग."

"मी? माझ्याच आदेशाविरुद्ध?"

"आदेश कोर्टाचा. तुझा कधीपासून झाला?"

"लोक काय म्हणतील? रेडीज फिरला म्हणतील."

"म्हणतील."

"पेपरात फोटो आलाय बाई माझा..."

"चांगला आलाय. जपून ठेव." बाई उठल्या. "आणि जाताना हबीबला भेटून जा."

अॅडव्होकेट हबीब परकार म्हणजे कारखान्याचे वकील. खटलाभर अमोघने त्यांना नमस्कारही केला नव्हता.

पेढ्यांचा पुडा झोपाळ्यावर ठेवूनच तो निघाला.

परकारांचं ऑफिस चिपळूणला होतं. अमोघला दारात पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"या, विजयी वीर. आता काय राहिलं?"

"हौद राहिले परकारसाहेब."

परकार हसले नाहीत. खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"मला वाटलंच होतं, कधीतरी येशील. बिघडवलं त्यानेच निस्तरायचं, असा कायदाच आहे. तू मागितलं असतंस तर मला तोंड उघडायला जागा नव्हती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी कारखान्याचा वकील होतो बाबा. खाडीचा तू होतास."

हे अमोघला लागलं. पण खोटं नव्हतं.

"आता काय म्हणतील तुमचे मालक?" त्याने विचारलं.

"म्हणतील, धंदा बंद झाला, आता कशाला खर्च करू? जमीन विकायला काढलीय त्याने." परकारांनी बशीत चहा ओतला. "पण हौद फुटले तर त्याला तुरुंग दिसेल, हे मी त्याला सांगू शकतो. अशिलाला खड्डा दाखवणं हेही वकिलाचंच काम. तू अर्ज घाल. मी विरोध करणार नाही."

"एवढंच?"

"आत काम करणारी माणसं याच गावांतली आहेत. टाळं लागल्यापासून घरी बसलीत. साफसफाई त्यांच्याकडूनच करून घ्यायची, असं लिही. हौदांची तोंडं त्यांना ठाऊक आहेत. मालकही मग लवकर वळेल."

अमोघने लिहून घेतलं. विरुद्ध बाजूच्या वकिलाने सांगितलेला मुद्दा त्याने अर्जात घालावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

खरी परीक्षा वेळसांग्यात झाली.

तिसऱ्या काढणाऱ्या बायका देवळाच्या सभामंडपात जमल्या होत्या. मागच्या खेपेला त्यांनी अमोघला ओवाळलं होतं. आज त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच गलका झाला.

"टाळं उघडायचं?"

"कुणी फिरवलं वो तुम्हाला?"

"वकीलपत्र परत घ्या गो याच्याकडचं!"

संस्थेच्या अध्यक्षा सुगंधा डोर्लेकर पुढे आल्या. पन्नाशीची, काटक बाई. त्यांच्या पोटऱ्यांवर जुन्या फोडांचे डाग होते.

"वकीलसाहेब, ह्या टाळ्यासाठी आम्ही उन्हातान्हात मोर्चे काढले. मार खाल्ला. आणि तुम्ही म्हणता उघडा?"

अमोघच्या ओठांवर कायद्याची कलमं आली होती. ती त्याने गिळली.

"हौद भरलेले आहेत सुगंधाताई. पावसात फुटतील. ते उपसून घ्या असं मी कोर्टाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. टाळं लागलं की झालं, असं वाटलं मला."

...

बाहेर कावळा ओरडत होता.

"म्हणजे ते सगळं आत तसंच आहे?" सुगंधाताईंनी हळू विचारलं.

"तसंच आहे."

"आणि आम्ही टाळ्याला हार घातला..."

मागून एक म्हातारी म्हणाली, "पण आत जाऊन करतील काय ते? रात्रीची मोरी उघडून देतील आपल्याच अंगावर. आजवर तेच केलंनी."

हा धोका खरा होता. अमोघने मान हलवली.

"म्हणून तर तुमच्यातल्या दोघी रोज आत उभ्या राहतील. पंप सुरू होताना आणि बंद होताना. तुमची सही झाल्याशिवाय एक पिंपही हलणार नाही. आणि खाडी स्वच्छ झाल्याशिवाय कारखान्याला परवान्याचं नाव काढता येणार नाही."

"आम्हाला आत घेतील ते?"

"कोर्टाने सांगितलं तर घ्यावंच लागेल."

सुगंधाताईंनी बायकांकडे पाहिलं. एक उठून त्यांच्याजवळ आली, मग दुसरी आली, कुजबुज झाली.

"मग तसं लिहून आणा," त्या म्हणाल्या. "पण या खेपेला अर्ज आधी आम्हाला वाचून दाखवा. मराठीत."

त्याने तिथेच बसून अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. बायकांनी दोन ठिकाणी थांबवलं. गाळ नेणाऱ्या गाड्या खाडीकाठच्या रस्त्याने न्यायच्या नाहीत, ही अट त्यांनी घालून घेतली. गाळ नेऊन दुसऱ्या कुठल्या गावात टाकायचा नाही, तशी सोय असेल तिथेच न्यायचा, हीसुद्धा. ही अट घालायला लावणारी तीच मघाची म्हातारी होती. "आमचं दुखणं दुसरीच्या पायाला नको," ती म्हणाली.

कोर्टात न्यायाधीशांनी कागद चाळले आणि वर पाहिलं.

"टाळं आपणच मागितलं होतं ना?"

"हो महोदय."

"आता आपणच उघडा म्हणता?"

कोर्टात हशा पिकला. अमोघने एकदा शेजारी पाहिलं. परकार सरळ समोर बघत होते. मागच्या बाकावर सुगंधाताई आणि ती म्हातारी, दोघी हात जोडून बसल्या होत्या.

"तेव्हा मी कारखान्याविरुद्ध आलो होतो, महोदय. खाडीसाठी यायचं राहून गेलं होतं."

न्यायाधीशांनी लेखणी उचलली.

आदेश मिळाला. वीज जोडली गेली. घरी बसलेले कामगार परत आत गेले, आणि त्यांच्यासोबत वेळसांग्याच्या दोघी दोघी आळीपाळीने. पहिल्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नाही. पुढे डबे एकत्र सुटायला लागले. गाळ पिंपांत भरून बंद गाड्यांतून रवाना झाला. शेवटच्या हौदाचा तळ दिसला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. पाऊस झोडपून पडला. हौदांत नुसतं आभाळाचं पाणी साठलं.

खाडी काही लगेच सुधारली नाही. अशी गोष्ट एका पावसाळ्यात होत नसते. पण दिवाळीनंतरच्या तपासणीत शिशाचा आकडा खाली आला होता. खारफुटीच्या मुळांशी चिखलातले छोटे मासे, निवट्या, उड्या मारताना दिसू लागल्या.

त्या थंडीत अमोघ पुन्हा वेळसांग्याला आला. बाई बांधावर बसल्या होत्या. तो शेजारी बसला. तो थकलेला दिसत होता.

"खटला अजून चालूच आहे बाई."

"हं."

"निकाल लागला, तरी तारखा पडतात. दर तारखेला मी आणि परकारसाहेब एकत्र जातो. एकच अहवाल देतो. परवा कामगार विचारत होते, साहेब, आमच्या बाजूने कोण आहे? सुगंधाताई विचारतात, तुम्ही आमचेच ना? मालकसुद्धा आता मलाच फोन करतो, नवी यंत्रणा बसवली तर चालेल का म्हणून..."

बाई ऐकत होत्या.

"पूर्वी बरं होतं. अशील समोर बसायचं. वकीलपत्रावर सही असायची. आता मी नेमका कुणाचा वकील आहे, हेच कळत नाही."

...

ओहोटी लागली होती. चिखलात बायका वाकून तिसऱ्या चाचपत होत्या. अजून खायला नाहीत, नमुन्याला काढायच्या होत्या.

बांधावरून सुगंधाताईंची सून येत होती. दिवस भरत आलेले. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताने तोल सावरत सावकाश पावलं टाकत होती. वाट अरुंद होती, आणि हे दोघं वाटेतच बसले होते.

बाई काठीच्या आधाराने उठल्या. कडेला झाल्या.

"ऊठ, अमोघ," त्या म्हणाल्या. "तुझं अशील येतंय."