म्हाळसाच्या अकरा पाट्या

फार वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या डोंगराचा दगड पापुद्र्यासारखा सुटायचा. गावातला पाथरवट तो घासून पाट्या करायचा, आणि साऱ्या राज्यातली माणसं त्या पाट्यांवर लिहायला शिकायची.

त्या गावात पाटीचा मान मोठा. नवी पाटी घरात आली की पाच दिवस देव्हाऱ्यात बसायची. हळद, कुंकू, फूल, सगळं तिला. त्या पाच दिवसांत तिच्यावर रेघसुद्धा ओढायची नाही. आणि नवी घरात आली की जुनीवर हात ठेवायचा नाही. दोन पाट्यांवर हात ठेवला तर विद्या रुसते, असं सगळे मानायचे. आजोबाची पाटी नातवाला पुरायची तेव्हा या रिवाजात काही अडत नव्हतं. आयुष्यातले पाच दिवस गेले तर कोणाचं काय जातं?

त्या गावात म्हाळसा नावाची एक विधवा बाई राहायची. तिचा विड्याच्या पानांचा मळा होता. नवरा गेला तेव्हा तिथं नुसता खडक होता. म्हाळसानं डोक्यावरून माती आणली, शेवरीची झाडं लावली, त्यांवर वेली चढवल्या. बारा वर्षं राबली, तेव्हा कुठं तिच्या पानांनी दूरच्या बाजारात नाव काढलं.

एकदा आश्विनात राजाची दवंडी आली. पुढच्या चैत्रात राजाचा कारकून येईल. ज्याला आपलं नाव आपल्या हातानं लिहिता येईल, त्याची जमीन त्याच्या नावानं लागेल. ज्याला येणार नाही, त्याची जमीन घरातल्या लिहित्या माणसाच्या नावानं लागेल.

म्हाळसाला अक्षर येत नव्हतं. तिच्या दिराला येत होतं.

दीर ओसरीवर बसून सुपारी कातरत म्हणाला, "वहिनी, मळा माझ्या नावावर लागला म्हणून काय पानं कडू होणार आहेत?"

"पानं नाही होणार," म्हाळसा म्हणाली. "मी होईन."

ती तशीच उठली आणि टोपलीभर पानं देऊन पाथरवटाकडून पाटी घेऊन आली. देव्हाऱ्यात बसवण्याआधीच गावच्या पंतोजींनी पाटीच्या वरच्या कडेला तिच्या नावाचा कित्ता घालून दिला. पाच दिवस पाटी देव्हाऱ्यात बसली. सहाव्या दिवसापासून म्हाळसा गिरवायला लागली. पहिलं अक्षरच जोडाक्षर, त्यात तिची बोटं विळ्याला सरावलेली. पंधरा दिवसांत तिचा 'म्ह' जरा उभा राहायला लागला.

तेवढ्यात पाथरवटानं लाकडी चौकटीची पाटी काढली.

"जुनीचा काठ हाताला लागतो," तो म्हणाला. "हिचा बघा, कसा गुळगुळीत."

पंतोजींनी घेतली, पाटलांनी घेतली, मग म्हाळसानंही घेतली. मागे राहिलं तर अक्षरही मागे राहील, असं तिला वाटलं. पाच दिवस पाटी देव्हाऱ्यात. पुन्हा नवा कित्ता, पुन्हा 'म्ह'.

महिन्याभरात पातळ पाटी आली. मग गोल कोपऱ्यांची आली. मग भोक पाडून दोरी ओवलेली. तिच्यावर जुनी लेखणी उमटेना, म्हणून नवी लेखणी आली. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, मग दर आठवड्याला. आठवड्यातले पाच दिवस पूजेत जायचे आणि उरलेले दोन दिवस नव्या लेखणीशी जमवून घेण्यात.

पाणवठ्यावर बायका करवादायच्या. "अगं, मागच्या चौकटीचा रंग अजून हाताला लागतोय, आणि ही नवी बया दारात उभी."

"आठ दिवसांत दुसरी येणार होती, तर आधी सांगायला या पाथरवटाच्या तोंडाला काय झालं होतं?"

एक दिवस सगळ्या मिळून पाथरवटाला बोलल्या. तो हात जोडून म्हणाला, "मायांनो, मी कोणाच्या गळ्यात बांधली का? नको असेल तर घेऊ नका." असं म्हणता म्हणता त्यानं पोत्यातून निळ्या दोरीची पाटी काढली, आणि बोलणाऱ्यांतल्या निम्म्या जणी ती हातात घेऊन घरी गेल्या. हसू नका. तुमच्या घरातला कोनाडा आधी बघून या.

फाल्गुन लागला. म्हाळसाच्या भिंतीशी दहा पाट्या टेकून उभ्या होत्या, अकरावी देव्हाऱ्यात होती. दहाही पाट्यांवर कित्त्याखाली एकच अक्षर होतं, 'म्ह'. पुढचा 'ळ' तिनं अजून गिरवलाच नव्हता. चैत्राला एक महिना उरला होता.

त्या दिवशी ती मळ्यात गेली, तर एक कोंबडी वेलींच्या मुळाशी माती उकरत होती. म्हाळसानं ढेकूळ उचललं.

"हाण," कोंबडी म्हणाली. "पाट्यांचा राग माझ्यावर काढ."

"तू माझ्या वेली उकरतेस आणि वर तोंड करतेस?"

"वेलींना धक्का नाही लावला, बघ. चार दाणे शोधतेय. माझी आई याच मातीत उकरायची, तिची आईही. ही माती जुनी झाली, नवी आण, असं आमच्यात कोणी म्हटलं नाही. म्हणून आमची पोटं भरलेली आहेत. तुझ्याकडे अकरा पाट्या आहेत बाई, आणि अक्षर किती?"

म्हाळसाच्या हातातलं ढेकूळ हातातच फुटलं. राग तर आलाच, पण कोंबडीचं खरं होतं. खरं बोलणाऱ्याला ढेकूळ मारायची तिला सवय नव्हती.

ती घरी आली. देव्हाऱ्यातल्या पाटीवरचा कित्ता तिनं डोळे भरून पाहिला. पाटीला हात लावायला बंदी होती, बघायला नव्हती. मग ती मळ्यात गेली, दोन वेलींमधली ओली माती तळव्यानं सपाट केली आणि बोटानं लिहायला लागली. चुकलं की तळवा फिरवायचा आणि पुन्हा लिहायचं. मातीला पूजा नको, लेखणी नको. आठ दिवसांत 'ळ' आला, पुढच्या चारात 'सा' आला.

पानं न्यायला आलेल्या बायकांनी हे पाहिलं. एकेक जण शेजारच्या ओळीत बसायला लागली. त्यात पाथरवटाची बायकोही होती.

"तू कशाला इथं?" म्हाळसानं विचारलं. "तुझ्या घरात तर पाट्यांची रास."

"विकायच्या असतात त्या," ती म्हणाली. "घरच्या माणसानं हात लावला की ओरडतो."

चैत्रात कारकून आला आणि चावडीवर बसला. पाथरवट छाती काढून पुढे झाला. एवढा मोठा दिवस म्हणून त्यानं मखमलीच्या काठाची पाटी काढली होती. कारकुनाचा मान राखायला पाटलांनी ती माणशी एक घेतली होती. सगळ्यांच्या मांडीवर कोऱ्या करकरीत पाट्या.

"लिहा," कारकून म्हणाला.

कोणी लिहीना.

"काय झालं?"

पंतोजी खाकरले. "महाराज, पाट्या आजच आल्यात. पूजा व्हायची आहे. पाच दिवस..."

"मी संध्याकाळी निघणार."

"मग जुन्या घ्या," कारकूनच पुढे म्हणाला.

"नवी आली की जुनीवर हात ठेवत नाहीत," पंतोजी खाली मान घालून म्हणाले.

कारकुनानं सगळ्यांकडे पाहिलं. "पाट्यांच्या गावात लिहिणारं कोणीच नाही म्हणायचं."

म्हाळसाच्या दिराला लिहिता येत होतं, तरी तोही पाटी मांडीवर घेऊन बसला होता. म्हाळसा मात्र उठली. तिनं आपली मखमली पाटी दिराच्या हातात दिली. "धरा जरा, भाऊजी." चावडीच्या पायऱ्या उतरून ती अंगणात गेली, खाली बसली, धूळ सारखी केली आणि नाव लिहिलं. अक्षरं वाकडी होती, पण तिन्ही होती.

कारकून पायऱ्या उतरून आला. वाकून त्यानं वाचलं, "म्हाळसा." आणि मळा तिच्या नावानं लागला.

मग बाकीच्यांना सुचलं. पंतोजी उतरले, दीर उतरला, पानमळ्यात शिकलेल्या बायका उतरल्या. अंगणभर नावं झाली. चालायला जागा राहिली नाही.

वर चावडीवर एकटा पाथरवट राहिला.

"तुमचं?" कारकुनानं विचारलं.

पाथरवट आपल्या हातांकडे बघत राहिला. हजारो पाट्या त्यानं घासल्या होत्या. पुढची कशी करायची या घाईत एकीवरही त्यानं अक्षर काढलं नव्हतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "मला येत नाही."

"घरात कोणाला येतं?"

त्याच्या बायकोनं धुळीतून हात वर केला.

काळ्या डोंगराची खाण तिच्या नावानं लागली. त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "पाटी घासून घासून आरपार दिसायला लागली, की दुसरी करायची. तोवर तू बस आणि गिरव." पाथरवट आठवडाभर कुरकुरला. मग त्याला दुपारची झोप मिळायला लागली, हातावरचे फोड बरे झाले, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं आपलं नाव लिहिलं. त्यानंतर त्यानं केलेल्या पाट्या थोड्या होत्या, पण त्या नातवंडांना पुरल्या.

म्हाळसाचा मळा तिच्या नावानं वाढत गेला. पानं पूर्वीसारखीच गोड होती, आणि तीही. दीर विडा खायला यायचा, तेव्हा ती त्याला, कडू लागू नये म्हणून, देठ खुडलेलं पान द्यायची.

तात्पर्य : रोज नवं साधन आणल्यानं हात शिकत नाही; हात शिकतो तो रोज तेच काम केल्यानं.