न लिंपलेल्या भेगा

त्या राज्यात उजेड तेलाचाच होता, आणि तेल संपत आले होते. राज्य जमिनीच्या पोटात वसलेले, त्यामुळे सूर्याची आशा नव्हती. दरबारातले दिवे विझू लागले तसा हुकूम निघाला : प्रत्येक खडकाची परीक्षा व्हावी. ज्याच्या पोटात तेल सापडेल त्याला मान. कोरडा ठरेल त्याची फरशी, नाहीतर भट्टीत चुना.

परीक्षक होता हातोडा. त्याला फुटक्या वस्तूंचा विटाळ. मेजावर अखंड तुकडाच ठेवायचा, असा रिवाज होता. भंगलेली मूर्ती पूजेत चालत नाही, मग भंगलेला दगड परीक्षेत कसा चालेल? म्हणून सगळे खडक परीक्षेआधी आपल्या भेगांवर शाडू लिंपून घेत, नटूनथटून जात आणि एकामागून एक कोरडे ठरत. तरी रिवाजाकडे कुणी बोट दाखवले नाही.

मग चुनखडीची पाळी आली. तिच्या अंगाला तर भेगाच भेगा. आंबट पाण्याने तिला आतून पोखरले होते, भूकंपांनी तडे दिले होते. पुढे खालच्या थरात चेंगरलेले तेल वर येऊन दारोदार आसरा मागत फिरले, तेव्हा याच पोकळ्यांत तिने त्याला ठेवून घेतले होते.

"अगं, लिंपून घे," शेजारचा कातळदादा म्हणाला. तो आधीच कोरडा ठरला होता आणि फरशी व्हायची वाट पाहत होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"नाही लिंपणार, दादा. भट्टीत जावं लागलं तरी नाही."

हातोड्याने घाव घातले. फुटके, ओलसर तुकडे झाडूने मागच्या उकिरड्यावर गेले. एक गुळगुळीत तुकडा मेजावर ठेवून त्यावर पाणी ओतले. पाणी जिरेल तिथेच तेल मुरलेले असेल, असा हिशेब होता. थेंबभरही आत जिरले नाही.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" हातोडा म्हणाला. "भट्टी!"

चुनखडीला संताप आला आणि तिने तो लपवला नाही.

"सरकार, मेजावर आहे ती माझी नुसती पाठ. माझं पोट तुम्ही उकिरड्यावर टाकलंत. ते उचला आणि तपासा."

"फुटका माल मेजावर येत नाही."

"मग हा निकाल मी मानत नाही. ढकलायचं तर ढकला, माझ्या पायांनी मी जाणार नाही."

दरबार हसला. शहाण्यांना हसायला उजेड लागत नाही.

तिला भट्टीच्या तोंडाशी ओढत नेले. भट्टीत दमट कोळसा नुसता धुमसत होता. मोठा खडक घालण्याआधी तळाला फुटका माल पसरायची पद्धत होती, म्हणून भट्टीवाल्याने उकिरड्यावरचे तिचे तुकडे फावड्याने आत लोटले.

जाळ उसळला. तो भट्टीत मावेना. चुनखडीला धरून ठेवलेले हात आपोआप सुटले आणि पिवळाधमक उजेड दरबारात कानाकोपऱ्यांपर्यंत शिरला. त्यात मेजावरचा गुळगुळीत तुकडा दिसला, कोरडा ठणठणीत. शेजारी हातोडा दिसला, आ वासलेला. पलीकडे लिंपलेल्या खडकांची रांग होती. त्या रांगेत कातळदादा मान खाली घालून आपल्या छातीवरचा शाडू नखांनी खरवडत होता.