हा नियम कोणी ठरवला?

सांगलीत दिगंबर आष्टेकर नावाचे एक वयोवृद्ध संगणकतज्ज्ञ राहत असत. व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करण्यात त्यांची हयात गेली होती. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांच्या छोट्याशा कचेरीत दोन-चार तरुण काम शिकायला येत. आष्टेकर सरांचा शब्द बाजारपेठेत खरा मानला जाई. काम झाले नसेल तर झाले म्हणायचे नाही आणि झाले असेल तर अडवून धरायचे नाही, ही त्यांची रीत सर्वांना ठाऊक होती. म्हणूनच त्या दिवशी ते जसे वागले, त्याचा ऋजुताला उलगडा होईना.

ऋजुता ही त्यांची सर्वांत हुशार शिष्या. शांतिनाथअण्णा उपाध्ये या औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचे काम सरांनी तिच्यावर सोपवले होते. अण्णांच्या गोदामातून जिल्हाभरातल्या दुकानांना औषधे जात. कोणाची मागणी काय, साठा किती, कोणाला काय पाठवायचे, हे सगळे पाहणारे सॉफ्टवेअर त्यांना हवे होते. पूर्वी असल्या कामाला पाच-सहा महिने सहज लागत. पण आता कोड लिहून देणारी साधने आली आहेत. काय हवे ते साध्या भाषेत सांगावे, की ती प्रोग्राम लिहून पुढ्यात ठेवतात. ऋजुताने तेच केले आणि महिना उलटायच्या आत काम पुरे झाले.

सरांनी दिवसभर ते सॉफ्टवेअर चालवून पाहिले. वेडेवाकडे आकडे घातले, मध्येच बंद केले, पुन्हा सुरू केले. ते कुठेही अडखळले नाही.

“सुरेख झालंय,” ते म्हणाले. “माझ्या उमेदीच्या काळात हे साधन मिळालं असतं, तर डोळे तरी शाबूत राहिले असते.”

इतक्यात अण्णाच दारात उभे. “काय सर, झालं का आमचं काम?”

ऋजुताचा चेहरा उजळला. पण सर शांतपणे म्हणाले, “नाही अण्णा. अजून तयार नाही. आणि एक विनंती आहे. या मुलीला थोडे दिवस तुमच्या गोदामात बसू द्या.”

अण्णा हिरमुसून गेले. त्यांची पाठ वळताच ऋजुता म्हणाली, “सर, तुम्ही खोटं बोललात.”

“तुला तसं वाटतं?”

“मग एक तरी चूक दाखवा.”

“चूक मला सापडली नाही.”

“मग का अडवलंत?”

“जा आणि बस तिथे. काही करू नकोस, नुसतं बघ. एवढं म्हाताऱ्याचं ऐक.”

ती गेली, पण रागातच. सर आता मागे पडले आहेत, आपला वेग त्यांना सोसवत नाही, असे तिच्या मनात आले आणि तसे वाटल्याचे तिला वाईटही वाटले. गोदामात खोकी येत होती, जात होती. अण्णा फोनवर बोलत होते. यात पाहण्यासारखे काय आहे, ते तिला कळेना.

मग एके दिवशी इन्सुलिनचा माल कंपनीकडून निम्माच आला. सॉफ्टवेअरची करामत दाखवायला याहून चांगली संधी नव्हती. तिने लॅपटॉप उघडला, सगळ्या दुकानांच्या मागण्या घातल्या आणि क्षणात वाटप तयार झाले.

“बघा अण्णा, झालंसुद्धा!”

अण्णांनी चष्मा चढवून पडद्यावरची नावे वाचली. “मालनताईंना काहीच नाही?”

“कोण मालनताई?”

“जतच्या पुढे, पार सीमेलगत दुकान आहे त्यांचं.”

“त्यांची मागणी लहान आहे ना. मोठ्या मागण्या आधी पुऱ्या केल्यात.”

“हा नियम कोणी ठरवला?”

ऋजुताने आपल्या सूचना उघडून पाहिल्या. तिने साधनाला सांगितले होते, मागणीप्रमाणे माल वाटून दे. माल कमी पडला तर काय, हे तिने सांगितलेच नव्हते. अण्णांनीही तिला सांगितले नव्हते. तिने विचारलेही नव्हते.

“अण्णा, तुम्ही कसं ठरवता?”

“ठरवतो म्हणजे...” अण्णा गोंधळले. “फोन करतो, बघ.”

त्यांनी शहरातल्या मोठ्या दुकानदाराला फोन लावला. त्याच्याकडे आधीचा साठा होता, निम्म्यावर भागेल म्हणाला. मग मालनताई. त्यांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता. “अण्णा, सुतारांची पोर आहे हो इथली. तिची बाटली परवापर्यंतच पुरंल. तुमच्याकडनं नाही आली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?”

“पाठवतो. उद्याच्या गाडीनं पाठवतो,” अण्णा म्हणाले.

ऋजुताने लॅपटॉप मिटला. सर त्या दिवशी ‘तयार आहे’ म्हणाले असते, तर आज हा फोन कोणीच केला नसता. आणि तो करायचा राहिला, हेही कोणाला कळले नसते.

ती तशीच कचेरीत परतली. “सर, तुम्हाला हे माहीत होतं?”

“नाही गं. अण्णांचा धंदा मला तरी कुठे पुरता ठाऊक आहे? पण असं काहीतरी कुठेतरी असणार, एवढं ठाऊक होतं.” सरांनी तिला समोर बसवले. “हाताने लिहिताना मी पावलोपावली अडत असे. अडलो की उठून विचारायला जावं लागे. तुझं साधन अडत नाही. तू जे सांगत नाहीस, ते बाकी ठिकाणी जसं चालतं तसं ते भरून टाकतं. बहुतेक वेळा ते बरोबर असतं, म्हणूनच आपल्या नजरेतून निसटतं.”

“मग ते वापरूच नये का?”

“वेडी आहेस का? गोदामात बसायला तुला सवड कोणी दिली? त्यानेच ना? लिहिण्याचं ओझं त्याला खुशाल वाहू दे. मात्र ज्याचा परिणाम माणसांवर होतो, ते कोणीतरी जाणतेपणी ठरवलेलं असावं. तुझं लिहून झालं होतं. ठरवून व्हायचं होतं. ते तयार नव्हतंच, ऋजुता.”

दुसऱ्या दिवसापासून तिने एकेक नियम उलगडायला घेतला आणि प्रत्येकापाशी स्वतःला विचारले, हे मी सांगितले होते का? बरेच काही निघाले. बरेच दिवस मागणी न आलेल्या दुकानाचे नाव सॉफ्टवेअर आपोआप गाळत होते. मुदत संपत आलेली औषधे नव्या दुकानांकडे आधी धाडत होते. एकेक प्रश्न घेऊन ती अण्णांकडे गेली. उत्तरे मिळाल्यावर सगळे बदल त्याच साधनाने एका दुपारात लिहून दिले.

पुढे पुन्हा माल कमी आला, तेव्हा सॉफ्टवेअर अण्णांच्याच टेबलावर होते. वाटप करता करता ते मध्येच थांबले.

“बंद पडलं का गं?” अण्णांनी विचारले.

“नाही अण्णा. हे तुम्ही ठरवायचंय, म्हणून थांबलंय.”

अण्णांनी पडद्यावरची गावांची नावे वाचली आणि फोन जवळ ओढला.

“इतकी वर्षं हे मी करत आलो,” ते हळूच म्हणाले, “पण हेही एक काम आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.”

ऋजुताने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.