तळच्या पाण्याची कहाणी

ऐका जळदेवते, तुमची कहाणी.

आटपाट एक नगर होतं. नगरात कोष्ट्यांची आळी होती. त्या आळीत एक म्हातारी कोष्टीण राहत होती. तिला तीन मुलगे, तीन सुना. ओसरीवर तीन माग दिवसभर खटखटत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मातीचा रांजण होता. म्हातारी रोज सकाळी उठे, रांजणातलं उरलंसुरलं पाणी परसात ओती, काथ्यानं तळ घाशी, रांजण उन्हात पालथा घाली. मग ताजं पाणी भरी, तोंडाला धुवट फडकं बांधी.

सुना हसत. थोरली म्हणे, "सासूबाई रांजणाला रोज न्हाऊ घालतात, आम्हांला सणालासुद्धा तेल मिळत नाही." मधली म्हणे, "त्याचं बारसं तेवढं राहिलंय." धाकटी चिमा हसत नसे. पण उठून हातही लावत नसे.

पुढं सासू अंथरुणाला खिळली. सुनांना जवळ बोलावलं. म्हणाली, "बायांनो, माझ्यामागं रांजण सांभाळा." इतकं बोलली नि डोळे मिटले. तेरावं झालं. मग थोरली म्हणाली, "म्हातारीनं तळाशी काहीतरी ठेवलं असणार." तिघींनी रांजण रिकामा केला, हात घालून चाचपला. तळ कोरा. मधली म्हणाली, "मरतानाही आपली थट्टा केली हो!"

मग नेम मोडला. रोज सकाळी थोरली एक घागर आणी, रांजणात ओती. मधली एक घागर आणी, वर ओती. चिमा एक घागर आणी, आणखी वर ओती. तोंडावरचं फडकं मात्र रोज नवं. कोष्ट्याच्या घरी फडक्याला काय तोटा? पाणी वरून लख्ख दिसे. थोरलीला वाटे, मधलीनं उपसला असेल. मधलीला वाटे, चिमा उपसते. चिमाला वाटे, आपण धाकट्या, जाऊबाई सांगतील तेव्हा करू. तळ कुणी पाहिला नाही.

मग काय झालं? घरात दुखणं शिरलं. थोरलीला नवसानं झालेला एकुलता एक मुलगा होता, भिका त्याचं नाव. तो आधी पडला. जुलाब थांबेनात, ओठ सुकले. "आई, पाणी," म्हणे. थोरली रांजणात तांब्या बुडवी, त्याच्या तोंडी लावी. पुन्हा मागे, पुन्हा लावी. पुन्हा मागे, पुन्हा लावी. वैद्य झाला, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. मग भिका पाणी मागायचा थांबला. त्याच्या बापानं मागावरचं अर्धं विणलेलं कापड कापलं, त्यात लेक गुंडाळला. त्या दिवशी तिन्ही माग गप्प झाले.

मग चिमाची लेक तानी पडली. तसेच जुलाब, तसेच ओठ. थोरली दारात उभी राहून म्हणाली, "चिमे, हा तुझाच पायगुण. तू आलीस, सासू गेली. तू राहिलीस, माझा भिका गेला."

चिमा म्हणाली, "अक्का, मग माझी तानी कुणाच्या पायगुणानं पडली?"



भर दुपारी दारात एक म्हातारी आली. केस ओले, ओठ कोरडे. म्हणाली, "माय, पाणी वाढ." थोरलीनं तांब्या पुढं केला. म्हातारी म्हणाली, "वरचं नको, तळचं दे." थोरलीनं तांब्या माघारी घेतला. मधलीनं दुसरा भरून आणला. "वरचं नको, तळचं दे." मधली म्हणाली, "मागून प्यायचं आणि वर नखरे! विहीर पलीकडे आहे, जा, तिचा तळ पी."

चिमानं तानीच्या मुठीतून आपला पदर सोडवला. उठली. ओगराळं घेऊन रांजणात वाकली, खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना बुळबुळीत लागलं. ओगराळं वर काढलं. त्यात हिरवा गाळ, गाळात वळवळणारे किडे, किड्यांत कुजलेली पाल. चिमानं ओगराळं मागं घेतलं. म्हणाली, "आजी, हे तुम्हांला कसं देऊ?"

म्हातारी म्हणाली, "लेकरांना दिलंत की."

थोरली भिंतीला टेकली नि खाली बसली. चिमानं ओळखलं, ही साक्षात जळदेवता. तिनं पाय धरले. "आई, चुकलो. मला वसा सांग."

"वसा सांगेन, पण तू जावांवर ढकलशील, जावा तुझ्यावर ढकलतील."

"ढकलणार नाही."

"तर ऐक. रोज सकाळी रांजण तळापर्यंत उपसावा. काथ्यानं घासावा. उन्हात पालथा घालावा. मग ताजं पाणी गाळून भरावं, तळ दिसला तरच लेकराच्या तोंडी लावावं. घरातल्या बायांनी वार वाटून घ्यावेत. आळसू नये, विसरू नये, आपला वार दुसरीच्या गळ्यात घालू नये."

मग थोरली बसल्या जागेवरून बोलली, "देवी, आणि माझा भिका?"

 थोरलीच्या हातात अजून तांब्या होता. देवीनं त्याच्याकडे पाहिलं, नि दिसेनाशी झाली.

चिमानं गाळ उपसला. मधलीनं काथ्या घेतला. घासून घासून बोटं सोलली. रांजण उन्हात तापला. मग विहिरीचं पाणी आणलं, उकळून गार केलं, चमच्या चमच्यानं तानीला पाजलं. कितीतरी दिवसांनी तानीनं डोळे उघडले. म्हणाली, "आई, भूक."

मग तिघी जावा वार वाटायला बसल्या. चिमा म्हणाली, "सोमवार माझा." मधली म्हणाली, "मंगळवार माझा." थोरली म्हणाली, "उरलेले सगळे माझे."

चिमा म्हणाली, "अक्का, इतके वार तुम्ही एकट्यानं कसे कराल?" थोरलीनं मान वर केली नाही. "मी आता कुणाला पाणी द्यायचंय, चिमे? घासू दे मला."

तेव्हापासून तिचा वार चुकला नाही. तळ लख्ख दिसला तरी ती आणखी एकदा काथ्या फिरवी. पाणी भरलं की पहिला तांब्या हातात धरून दाराकडे बघत राही. मग तो तुळशीला घाली.

जशी चिमाची तानी उठली, तशी तुमची आमची लेकरं उठोत. थोरलीला जे उशिरा दिसलं, ते तुम्हां आम्हांला वेळेवर दिसो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचांत पुरी झाली. सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो, आणि घरी गेल्यावर आधी रांजणाचा तळ पाहणारीला फळो.