पुनाबाईचं आवतन

फार फार वर्षांमागे, वाघदऱ्याच्या डोंगरात विजेची तार शिरली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या खाणीत कोळसा चढावर निघायचा. रिकामा डबा रुळावरून वर न्यायचा तोही खांदा लावून, आणि भरलेला खाली आणताना अडवायचा तोही खांदा लावूनच. डोमाजी हे काम करायचा. त्याचा खांदा असा सोलवटला होता की पोळ्याला लेकीला त्यावर बसवून बैल दाखवणंही त्याला जमेना. पोर हिरमुसली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात लोक लोणी-हळद लावून बैलांचे खांदे शेकत होते आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं त्यांना जेवणाचं निमंत्रण देत होते. ते बघून डोमाजीची बायको पुनाबाई भडकली.

"बैलाच्या खांद्याले लोणी, अन् माह्या माणसाच्या खांद्याले काऊन नाही जी?"

तिने भर चौकात नवऱ्याचा खांदा चोळला. लोक खदखदून हसले. त्यात खाणीचा मुकादम गणबाजी सगळ्यांच्या पुढे.

पोळा सरला. पुनाबाई विहिरीवर गेली. चाकावर एकच दोर, दोन टोकांना दोन बादल्या. एक खाली जाते, तशी दुसरी वर येते. असं म्हणतात, ती घागर तिथेच टाकून खाणीकडे पळत सुटली.

"रुळाच्या दोन वाटा टाका, वर चाक बसवा, एकाच दोराच्या दोन टोकांले दोन डबे बांधा. भरलेला डबा उतरतोच ना? तोच रिकाम्याले वर ओढंल!"

तसं सगळं बसवून झालं. "मंग मीच बसतो रिकाम्यात," म्हणत गणबाजी खालच्या डब्यात बसला. लोकांनी हौसेनं वरचा डबा शीग लागेपर्यंत भरला आणि खाली सोडला. गणबाजी असा सुटला की थेट डोंगराच्या माथ्यावरून बाहेर निघाला, असं म्हणतात. पागोटं मोहाच्या झाडाला अडकलं. धापा टाकत खाली आला आणि म्हणाला, "आणखी एकडाव जाऊ द्या जी!"

मग पुनाबाईनं दोराचे सागाच्या खुंटाला वेढे दिले. वेढा आवळला की डबे हळू, सैल केला की भरभर. पुढं तर ती गाणं म्हणायची आणि डबे त्या चालीवर चालायचे, असं म्हणतात. कोळशाचे ढीग लागले. पुढच्या पोळ्याला डोमाजीची लेक बापाच्या खांद्यावरून उतरायलाच तयार होईना.

आता तिथे कोळसा विजेवर फिरणाऱ्या पट्ट्यावरून येतो. तरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांचं झालं की खाणीतली माणसं सदरा काढून ओळीनं बसतात. बाया त्यांचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात आणि म्हणतात, "पुनाबाईचं आवतन घ्या, उद्या जेवाले या." खांद्यावर वळ शोधून शोधून सापडत नाही. तेव्हा म्हाताऱ्या समाधानानं हसतात.