घाटावरचा अर्धा डाव

“पण बुवा, खेळणारा उद्या परत का येईल? एवढ्या एका प्रश्नाला उत्तर द्या. बाकीचं माझं मी बघतो.”

मठातले राणूबुवा घाटाच्या पायरीवर भाजलेल्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रश्न मुळात विचारणाऱ्या सौमित्र टिपणिसाचा नव्हता. तो होता पुण्याच्या एका गुंतवणूकदार बाईंचा. सौमित्रनं मोठ्या हौसेनं व्हिडिओ गेमची कंपनी काढली होती, आणि आधीच्या दोघा गुंतवणूकदारांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. या बाईंनी निदान प्रश्न तरी विचारला. उत्तर उद्या सकाळी द्यायचं होतं. नाही जमलं, तर कंपनीला टाळं आणि सौमित्र पुन्हा वडिलांच्या फरशांच्या दुकानात. तिथल्या धुळीच्या आठवणीनंच त्याला शिंक आली.

“तुझ्या खेळात आहे काय?” बुवांनी विचारलं.

सौमित्र खुलला. त्यानं लॅपटॉप उघडला. सात राज्यं, उडते किल्ले, आग ओकणारे अजगर, तलवारींचे ढीग! मग आलेख, मग बाजारपेठ, मग पाच वर्षांनंतरचा नफा. बोलता बोलता घसा कोरडा पडला.

बुवांनी एक शेंग फोडली.

“तू खेळतोस का हा?”

“मी? मला कुठला वेळ, बुवा! मी तर तो बनवतो.”

बुवांनी आता कुठे मान वर केली.

“म्हणजे सुरुवातीला खेळायचो.”

बुवांनी पायरीवरची धूळ पंच्यानं झटकली. खाली दगडात एकात एक तीन चौकोन कोरलेले होते. नवकंकरी.

“बस. एक डाव टाकू.”

“हे? हे पोराटोरांचं आहे, बुवा. नऊ नऊ सोंगट्या, तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची, ज्याच्या दोनच उरल्या तो हरला. यात आहे काय?”

“मग हरव की.”

बुवांनी स्वतःकडे खडे घेतले आणि त्याच्यापुढे नऊ शेंगदाणे ठेवले.

“मला दाणे का?”

“उचललेली सोंगटी मी खातो. तू माझे खडे खा, माझी ना नाही.”

पहिला डाव बघता बघता आटोपला. बुवा शांतपणे चावत होते.

“माझं लक्ष नव्हतं,” सौमित्र म्हणाला.

दुसऱ्या डावात लक्ष होतं. तरी दाणे गेले.

तिसऱ्याला त्यानं लॅपटॉप मिटून बाजूला सारला आणि बाह्या वर केल्या. चौथ्याच्या मध्यावर फोन वाजला. बाईंच्या ऑफिसातून होता, उद्याची वेळ पक्की करायला. याच फोनसाठी तो दोन दिवस कान टवकारून बसला होता.

“डाव चालू आहे, नंतर बोलतो,” असं म्हणून त्यानं फोन ठेवून दिला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ऊन उतरलं. पायरी गार झाली. सौमित्र पालथा पडून दगडाकडे बघत होता, आणि एकदम त्याला दिसलं. बुवांकडे तीनच खडे उरलेले. कोपऱ्यातला दाणा एक घर सरकवला की तीन दाणे रांगेत, एक खडा बाद, आणि डाव खिशात! त्यानं दाण्यावर बोट ठेवलं.

“बुवा, आता बघाच…”

बुवांनी वर आभाळाकडे पाहिलं. मग पायरीवरचे सगळे दाणे एका मुठीत गोळा करून तोंडात टाकले, खडे झोळीत सोडले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

“चल. दिवेलागण झाली.”

“अहो! मी जिंकत होतो!”

“हं.”

“एक चाल, बुवा! एकच चाल राहिली होती! हा सरळ सरळ रडीचा डाव आहे!”

बुवा मठाची पायवाट चढू लागले. सौमित्र अनवाणीच मागे धावला. चपला आणि लॅपटॉप दोन्ही घाटावर राहिलं होतं.

“उद्या उजाडताच येतो! बाईंची मीटिंग दुपारवर ढकलतो, पण येतो म्हणजे येतोच! दाणे माझे मी आणीन!”

बुवा थांबले. तोंडातला घास सावकाश गिळला आणि मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

“का येशील?”