कोंडाईचं टिंब

चूल पेटायच्या आत ऐका, मग मला सवड नाही. फार फार मागची गोष्ट. आपल्या वेळंबी गावात कोंडाई नावाची गोंदणारीण होती. तिच्या अंगावर रिकामी जागा नव्हती. मोर, विंचू, तुळस, कपाळापासून पावलांपर्यंत नुसतं हिरवंगार. माणूस मेलं की डाग-दागिना इथंच राहतो, बरोबर जातं ते गोंदण. कोंडाईला तर वर गेल्यावर लांबूनच ओळखतील, असं बाया म्हणायच्या.

गोंदून झालं की कोंडाई बजावायची, "खपली पडेस्तोवर हातावर काही चढवू नका. हळद-खोबरेल लावा, मऊ सुती फडकं ठेवा. खाजलं तर फुंकर घाला, पण नख लावू नका. ओलं गोंदण म्हणजे उघडं दार असतं." बाया माना डोलवायच्या आणि घरी जाऊन आपलंच खरं करायच्या. आजही करतात म्हणा.

धोंडूबाईच्या राहीचं लग्न अचानक अलीकडं आलं. बिनगोंदणाच्या सुनेच्या हातचं पाणी सासरी चालत नसे, म्हणून घाईनं मनगटावर मोर गोंदला. आणि लगेच कासाराला बोलावून त्याच हातात हिरवा चुडा भरला. नवरीचा हात ओका कसा ठेवायचा, लोक काय म्हणतील, ही धोंडूबाईची चिंता.

हळदीच्या दिवशी राही तापानं फणफणली. मनगट सुजून बांगड्या मांसात रुतल्या होत्या, बोटं काळीनिळी पडली होती. सगळ्यांना दिसत होतं, पण चुड्याला हात लावायला कुणी धजेना. नवरीच्या बांगड्या फोडायच्या म्हणजे नवऱ्याच्या जिवावर उठायचं. वाढवायच्या असंही कुणी तोंडातून काढेना.

कोंडाई आली तशी धोंडूबाई दारात आडवी झाली. "अमंगळ करू नको बाई."

"चुडा पुन्हा भरता येईल. हात कुठनं भरशील?" कोंडाई म्हणाली. "अमंगळ काय असेल ते माझ्या अंगावर घेते." आणि तिनं फडक्यात धरून एकेक बांगडी फोडली.

मग कडुलिंबाच्या पाण्यानं हात धुवायचा, हळद-खोबरेल लावायचं, फुंकर घालत बसायचं. कोंडाई राहीचा हात मांडीवरून खाली ठेवीना. असं म्हणतात, भर दुपारी, आळी सामसूम असताना, परसातून कुणीतरी राहीला हाक मारायचं. आवाज हुबेहूब धोंडूबाईचा. "खाजव गं बाळे, बरं वाटेल." राहीचं नख आपोआप जखमेकडं जायचं. कोंडाई तिची बोटं मुठीत धरायची आणि परसाकडं बघून म्हणायची, "तिचं नको. माझं ने."

एकदा धोंडूबाई पाणी घेऊन पुढच्या दारानं घरात शिरली आणि तिनं आपलाच आवाज परसातून ऐकला. तिच्या हातातली कळशी सुटली. तिनं पाहिलं, तर कोंडाईच्या दंडावरचा विंचू हळूहळू फिका झाला, पुसला गेला, आणि परसातला आवाज थांबला. दुसऱ्या दुपारी तुळस गेली. मग गळ्यावरची नक्षी गेली. धोंडूबाई रडून म्हणाली, "माझ्या मूर्खपणापायी तू का रिती होतेस गं?" कोंडाई फुंकर घालत राहिली.

अखेर खपली पडली. खाली राहीचा मोर हिरवागार, बोटंही जागच्या जागी. आणि कोंडाईच्या अंगावर ठिपका उरला नव्हता. कोवळ्या पोरीसारखी कोरी कातडी घेऊन ती उठली आणि ओढ्याकडं चालत गेली. तिचं प्रेत कुणी पाहिलं नाही. वर घेतलं नाही तिला, असं म्हणतात. ओळख काय दाखवणार बिचारी? मला तर अजून वाईट वाटतं.

ओल्या गोंदणावर दुपारी गार फुंकर येते, आजूबाजूला कुणी नसतं. मला आली होती. भ्यायचं नाही, हात तसाच धरायचा.

तेव्हापासून वेळंबीत खपली पडल्याशिवाय त्या हातात कासार बांगडी भरत नाही. आणि नक्षी झाली की बाजूला एक सुटं टिंब गोंदतात. ते आपलं नसतं. गावात बाई जायला टेकली की लेकीसुना तिच्या कानाशी वाकतात आणि सांगतात, "वाटेत कोंडाई भेटेल. तिचं टिंब तिला दे."